वाळवंटातला निरोप्या

मोटरसायकलवर वाळवंटात जाणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचाही आदर नाही. हे मी स्वतः जाऊन आल्यावर सांगतोय. पोटं सुटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेली माणसं एकाएकी अंगावर काळं जाकीट चढवतात, गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्या बांधतात आणि स्वतःला रायडर म्हणवून घेतात. आमचा मेहरूणवाला त्यातलाच. जळगावात पाइपांचं दुकान आहे त्याचं. दर रविवारी हा सगळा साज चढवून मेहरूणच्या घरून निघायचा आणि जायचा कुठं, तर नशिराबादच्या बाजूला, ढाब्यावर शेवभाजी खायला. एवढ्याशा अंतरासाठी हेल्मेटवर कॅमेरा!

दुसरा आमचा धुळेकर. धुळ्याला शाळेत मास्तर. त्यानं गाडीचे आरसे काढून टाकलेले. म्हणे, पुढं जाणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. मोठा आला मागं न बघणारा! मागची एकही गोष्ट हा माणूस विसरलेला मी पाहिलेला नाही.

आम्ही तिघं कॉलेजात एका खोलीत राहिलेलो, एका डब्यात जेवलेलो. आणि हे दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. मेहरूणवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडं मंडपात माइकवरून एकेकाचं नाव पुकारतात आणि त्याला टोपी-टॉवेल देऊन मान करतात. ती टोपी कुणी घालत नाही, त्या टॉवेलानं कुणी अंग पुसत नाही, पण नाव पुकारलं गेलंच पाहिजे. धुळेकराचे वडील, आबा, पहिल्या रांगेत बसलेले. नगरसेवक पुकारून झाले, बँकेचे साहेब झाले, कोण कुठला ठेकेदारही झाला, आणि आबांचं नाव राहून गेलं. आबा जेवून शांतपणे घरी गेले. पेटला तो पोरगा. मी नंतर आबांना विचारलं, तर म्हणाले, "टॉवेल घरमा ढीगभर पडेल शेतस, भो. जेवण चांगलं व्हतं."

म्हणजे ज्याचा मान गेला त्याला काही नाही, आणि हे दोन घोडे फुगून बसलेले. निरोपाला मी. "त्याला सांग, आई आजारी आहे." "त्याला सांग, चांगला डॉक्टर जळगावात आहे." माझं औषधांचं दुकान, गिऱ्हाईक समोर उभं आणि माझ्या कानाला फोन. शेवटी मला वैताग आला. ही दोस्ती आता जुळली तर जुळली, नाहीतर तिघंही असेच म्हातारे होणार, असं वाटायला लागलं. आणि खरं सांगतो, त्याची मला भीती वाटत होती.

म्हणून मी डोकं चालवलं. मेहरूणवाल्याला म्हणालो, "धुळेकर म्हणतोय, राजस्थानला जाऊ तिघं. त्याला तुझ्याशी बोलायचंय. चुकलं म्हणतोय." धुळेकराला फोन करून तेच सांगितलं, फक्त माणूस बदलून. दोघंही एका पायावर तयार.

थंडीचे दिवस. धुळ्याला हायवेवर तिघं भेटलो. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं आणि वाट बघत उभे राहिले. कशाची, ते मला ठाऊक होतं. समोरचा आता माफी मागणार, याची! कुणीच बोलेना. मग गाड्या सुरू केल्या.

सुरत गेलं, अख्खा गुजरात गेला, हे आपले ढिम्म. राजस्थानात ढाब्यावर बाटी आली. मेहरूणवाला मला म्हणाला, "त्याला सांग, आपल्या वरण-बट्टीची सर नाही याला. बट्टी तळावी लागते." धुळेकर माझ्या डाव्या हाताला बसलेला, तो म्हणाला, "त्याला सांग, नुसती तळून होत नाही, आधी वाफवावी लागते." मी दोघांच्या मध्ये. दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, तरी मी सांगत होतो. ढाबेवाल्याला वाटलं असेल, यातला एक बहिरा आहे.

रात्री मुक्कामाला दोघं मला वेगवेगळे गाठायचे. "काय रे, कधी बोलणार तो?" मी म्हणायचो, "लाजतोय. वाळवंट येऊ दे, तिथं बोलेल." येडे कुठले! दोघांचाही विश्वास बसायचा.

आणि आलं एकदाचं वाळवंट. वाळवंट म्हणजे काय? बोरीची झुडपं, शेळ्या, वाळू. तापीच्या पात्रात याहून बरी वाळू मिळते. पण मेहरूणवाल्याला व्हिडिओ काढायचा होता. त्यानं डांबरी सोडून गाडी टेकडीवर घातली. तो गेला म्हटल्यावर धुळेकर मागं राहतोय होय? त्यानंही घातली. थोड्याच अंतरावर दोन्ही गाड्यांची मागची चाकं वाळूत रुतली.

आता जरा अक्कल असलेली माणसं काय करतील? दोघं मिळून आधी एक गाडी काढतील, मग दुसरी. पण त्यासाठी एकानं दुसऱ्याला "ये रे, ढकल" म्हणावं लागतं. ते म्हणणार कोण? दोघंही आपापल्या गाडीवर बसून एक्सलेटर पिळत राहिले. जितकं पिळलं तितकं चाक खाली गेलं. मी डांबरीवर उभा राहून ओरडत होतो, घसा बसला. शेवटी दोघांना शिव्या हासडल्या आणि गावात ट्रॅक्टर बघायला निघून गेलो.

ट्रॅक्टर मिळायला वेळ लागला. परत येऊन बघतो तर दोघं एका खेजडीच्या झाडाच्या सावलीला मांडीला मांडी लावून बसलेले! मध्ये तिखट शेवेची पुडी, दोघांचे हात त्यात, आणि हसताहेत. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. डोळे पुसतच मी जवळ गेलो.

धुळेकरानं माझ्याकडं बोट दाखवलं आणि ओरडला, "हाऊ बठ्ठा याना उद्योग शे!" सगळा उद्योग म्हणे माझा!

"चुकलं म्हणून सांगितलंस माझ्या नावानं?" मेहरूणवाला. "कधी म्हणालो मी चुकलं?"

"आणि मी कधी म्हणालो?" धुळेकर. "अरे, यानंच झुलवत ठेवलं आपल्याला. नाहीतर कधीच बोललो असतो."

कधीच बोललो असतो! वा रे वा! मी म्हणालो, "अरे नालायकांनो, मी नसतो तर तुम्ही एकमेकांच्या मयताला तरी आला असता का?" पण ऐकतो कोण. दोघांना जोर चढला होता. इतक्या वर्षांचं सगळं बिल माझ्यावर फाडून मोकळे झाले. ट्रॅक्टरवाला बिचारा दोर हातात घेऊन बघत उभा.

परतीच्या वाटेवर ते दोघं शेजारी शेजारी गाड्या चालवत, मोठमोठ्यानं बोलत. मी मागं, त्यांचा धूर खात. धुळ्याला धुळेकर मेहरूणवाल्याच्या गळ्यात पडला. मला म्हणाला, "सावकाश जा."

मागच्या महिन्यात स्टेटसवर पाहिलं, दोघं कच्छच्या रणात. धुळेकरानंही काळं जाकीट घेतलंय, गुडघ्यांना वाट्या बांधल्यात. दोन माकडं, पांढऱ्या मिठावर उभी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो.

ते बोलत नव्हते तेव्हा मला रोज फोन यायचा, कधी याचा, कधी त्याचा. "त्याला सांग" म्हणायला का होईना, यायचा. आता कुणाचाच येत नाही. नसू दे येत, गेले उडत. गाडी तेवढी मी सर्व्हिसिंगला टाकून आणलीय, नवीन टायर घातलेत. टाकी फुल आहे.