रिकाम्या बाकावरून आलेलं मत

मी बारामतीत एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, की मुद्दाम त्याच्यावरून पाय टाकून जाणारी बाई आहे मी. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्यानं हसणारीही मीच. त्यामुळे इथे लिहायला बसताना माझी मलाच गंमत वाटतेय... पण झालं ते झालं. सांगते.

गोष्ट माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पुढे आमची वस्ती आहे. तिथून झेडपी आणि तिथून विधान परिषद, असा त्यांचा प्रवास. सासरे म्हणून कौतुक करत नाही, पण चांगला आमदार कसा असावा हे मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलंय आणि घरात एकच पाहिलाय.

तात्यांनी सभागृहात एकही मतदान चुकवलं नाही. एखाद्या विषयावर पोल, म्हणजे डोकी मोजून मतदान मागितलं, की बेल वाजते. बाहेर गेलेल्यांनी तेवढ्यात आत यायचं, मग दारं बंद. नंतर एका बाजूचे सदस्य एकेक करून उभे राहतात आणि आपला आकडा मोठ्यानं म्हणतात — एक, दोन, तीन... शेवटचा आकडा म्हणजे त्या बाजूची मतं. बेल वाजली की तात्या हातातला चहा तसाच टाकून उठायचे. कँटीनवाले म्हणे त्यांना अर्धाच कप भरून द्यायचे, वाया नको जायला!

त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी कामकाजाचे जाडजूड खंड वाचून काढले. भाजी मंडई, एसटी, अंगणवाड्या, काय काय म्हणून प्रश्न विचारले होते या माणसानं. पण जीव होता तो कालव्याच्या टेलमध्ये. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, आमच्या इंदापूरकडचं. वरची गावं आधी भिजायची आणि टेलला पोचायचं ते उरलंसुरलं. पाणी सोडताना टेलपासून सुरुवात करायची, हे कलम तात्यांनी भांडून कायद्यात घालून घेतलं. त्यासाठी एकदा स्वतःच्या पक्षाच्या विरोधात मत दिलं. पक्षानं मग वर्षभर त्यांना बोलायला वेळच दिला नाही. त्या वर्षभरात हा माणूस नुसता बसून राहायचा, आणि बेल वाजली की मत द्यायचा. वाचताना मला खरंच भरून आलं होतं.

एकदा मी कुरकुरले, "तात्या, बहुतेक मतदान आवाजी. नुसतं 'होय'चं बहुमत, 'नाही'चं बहुमत. तुमचं नाव कुठंच सापडत नाही."

"नाव न्हाय तर न्हाय, सूनबाई. आवाज गेला न्हवं छताला? मग झालं की."

आणि आवाज खरंच तसा होता. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलणाऱ्या माणसाचा.

त्यांची मुदत संपली. तात्या ज्या मतदारसंघातून निवडून यायचे, तिथे नगरसेवक आणि झेडपी सदस्य मत देतात, आणि त्यांच्याच निवडणुका रखडलेल्या. म्हणून तात्यांची जागा भरलीच गेली नाही, बाक रिकामाच राहिला. त्या उन्हाळ्यात तात्यांना पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली आणि आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, बोलणं आता परत येईल असं धरून चालू नका. बारामतीत, जळोचीच्या आमच्या घरात खिडकीजवळ त्यांचा पलंग टाकला होता.

आता तो दिवस. अधिवेशन चालू होतं आणि टेलचं ते कलम वगळावं अशी सूचना आली होती. सकाळीच रज्जाकभाई आले. तात्यांचे जुने मित्र, टेलला पेरूची बाग. येताना दोन क्रेट पेरू घेऊन आले होते.

"आज हाय म्हणं मतदान," ते तात्यांच्या उशाशी बसून म्हणाले. "कलम गेलं तर बाग काढायलाच लागंल, तात्या. आन तुमी हितं असं पडलेले..."

तात्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. रज्जाकभाईंना आपण बोललो याचंच वाईट वाटलं.

गुरुवार होता, म्हणजे आमच्याकडे लाईट नाही. टीव्ही बंद, माझा मोबाईल डिस्चार्ज होऊन पडलेला आणि रज्जाकभाईंचा बटणाचा फोन. शेजारच्या शाळेची मधली सुट्टी संपल्याची घंटा नुकतीच झाली होती. रज्जाकभाई बशीनं तात्यांना चहा पाजत होते. तात्यांनी एकदम तोंड फिरवलं आणि डाव्या हातानं बशी बाजूला सारली. चहा चादरीवर. मग पलंगाची कड धरून ते उठायला लागले. आम्ही दोघांनी धरलं तर हा माणूस चक्क उभा! आणि मग, खिडकीची काच हादरेल अशा त्यांच्या जुन्या आवाजात —

"एकोणीस!"

आणि बसले. शांत. घामानं डबडबलेले.

मी रडत होते, हसत होते. "तात्या, बोललात! काय एकोणीस?"

"क्रेट मोजत्यात काय?" रज्जाकभाई भांबावून म्हणाले. "दोनच हायेत की ओ!"

मी मनाशी म्हटलं, शाळेची घंटा तात्यांना सभागृहाची बेल वाटली असणार. पण ती घंटा तर रोज होते. एरवी त्यांनी कधी मानसुद्धा वळवली नव्हती.

संध्याकाळी लाईट आली आणि मोबाईल सुरू करते तोच फोन वाजला. सभागृहात तात्यांच्या रिकाम्या बाकाशेजारी बसणाऱ्या एक ताई होत्या.

"तात्या बरे आहेत ना?" त्यांनी नमस्कारही न करता विचारलं. "खरं सांगा."

मग त्यांनी सांगितलं. कलम वगळायला विरोध करणाऱ्यांची मोजणी चालू होती. पुढच्या बाकावरचे सदस्य म्हणाले, "अठरा." रिकामा बाक सोडून नंतरचा नंबर ताईंचा. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "वीस."

"सगळे हसले मला. पण अहो, मी डावीकडून एकोणीस ऐकलं! स्पष्ट. तात्यांचाच आवाज."

आकडे जुळेनात म्हणून सभापतींनी मोजणी रद्द केली, पुन्हा बेल वाजवली, दारं उघडली. पहिल्या बेलला बाहेर अडकलेले तीन सदस्य धावत आत आले, तिघेही टेलच्या बाजूचे. ते आले नसते तर कलम गेलं असतं. ते वाचलं.

मी सभागृहाचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहिलं. "अठरा"... मग जराशी शांतता... ताई डावीकडे बघतात, मान हलवतात आणि "वीस". त्या शांततेत काहीही ऐकू येत नाही. स्क्रीनवरची वेळ पाहिली. आमच्या शाळेची मधली सुट्टी संपते, तीच.

मतदान आहे हे तात्यांना रज्जाकभाईंनी सांगितलं होतं, मान्य. ताईंना सवयीनं भास झाला असेल, तेही मान्य. पण आकडा? तो आकडा जळोचीत पलंगावर पडलेल्या माणसाला कुठून कळला?

त्यानंतर तात्या एक अक्षरही बोलले नाहीत. थंडीत गेले. टेलला पाणी आलं तेव्हा रज्जाकभाई बागेतला पहिला पेरू त्यांच्या फोटोपुढे ठेवून म्हणाले, "पडलं बरं का तुमचं मत, तात्या."

माजी सदस्याला मतदानाचा अधिकार नसतो, हे मी आजही वर्गात शिकवते. शिकवावंच लागतं. पण जाताना कुणी देवाचं नाव घेतं, कुणी लेकराचं. आमचे तात्या मात्र शेवटचा शब्द म्हणून आपलं मत देऊन गेले.