वहिनींनी ठरवलेलं हवामान

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी घाटकोपर स्टेशनबाहेर छत्रीची काडी बसवून घेत उभा होतो. मुलुंडचे त्यांचे शेजारी मला शोधत आले. म्हणाले, "सकाळी चहा मागितला, आणि कप नेईपर्यंत…" याला आता दीडेक महिना झाला. आमच्यात कोणी गेलं की चार ओळी लिहायचं काम माझ्या वाट्याला येतं; बाकीच्यांना खरीखुरी कामं असतात.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाला अर्धांगवायू झाला आणि मुलुंडच्या त्या बैठ्या घरात, खिडकीलगतच्या खाटेवर तो जो आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. अशातच त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, कुसुमचं, लग्न जमलं. मुलगा बोटीवर नोकरीला. सुट्टी मिळणार ती ज्येष्ठात, आणि आषाढ लागला की मुहूर्त संपले. याद्या करायला बसलो तेव्हा माघ चालू होता. मी म्हटलं, "ज्येष्ठ म्हणजे पाऊस. हॉलच घेऊ." पण दादाला हलवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "मी नसलो तरी अक्षता पडतील रे." त्यावर वहिनी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "लग्न अंगणात होईल. खिडकीसमोर. ह्यांना दिसलं पाहिजे. आणि त्या दिवशी पाऊस येणार नाही."

आता, आमच्या घराण्यात हवामान हे खातं माझं. वर्तमानपत्रातला अंदाज मी मोठ्याने वाचून दाखवतो, आणि माझ्याच भरवशावर एकदा सगळं गणगोत पवईच्या तळ्यावर पोळ्यांच्या डब्यांसकट भिजलेलं आहे. तेव्हा माझा अपमान झाल्यासारखं मला वाटलं. पाडव्याला नवं पंचांग आलं तसा ते घेऊन मुलुंड गाठलं. "वहिनी, ऐका. मृग नक्षत्र, वाहन बेडूक. लग्न मृगातच येतंय. बेडूक म्हणजे बदाबदा."

"बेडकाला आपण आमंत्रण दिलेलं नाही, भाऊजी."

"पण कशावरून म्हणता तुम्ही?"

"मला कळतं."

बस्स. एवढ्यावर माझ्या बायकोने शोध लावला की वहिनी मूळच्या हर्णैच्या, समुद्रावरचं वारं ओळखतात. वैशाखापर्यंत अर्ध्या नातेवाइकांचा वहिनींवर विश्वास बसला होता आणि उरलेल्या अर्ध्यांना तो मी पटवून देत होतो. हॉलची गोष्ट आपोआप मागे पडली.

वैशाखाच्या शेवटी मढहून बैलगाडी आली, झापांनी भरलेली. झापं म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. कोकणात त्यांनी छप्पर शाकारतात. वहिनींनी पदर खोचून अंगणावर त्यांचे थरावर थर चढवून घेतले, खिडकीकडे उंच आणि कुंपणाकडे उतरते. "एवढे थर कशाला?" मी विचारलं. "ज्येष्ठातलं ऊन काय कमी असतं?" मग मांडवाभोवती हातभर चर खणायला लावला. तो कशाला, तर शेजारच्यांच्या कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून. मी हवामानातला जाणकार, मला दोन्ही कारणं पटली.

लग्नाच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. येईल त्या पाहुण्याला मी वर बोट करून दाखवत होतो. अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक झालं आणि भांडुपच्या बाजूने जे काळं आलं… दुसऱ्या मंगलाष्टकाला भटजींचा आवाज ऐकू येईना. झापांवर नुसते ताशे वाजत होते. कुंपणाकडे पाण्याची चादर लोंबत होती, चर भरून वाहत होता, आणि मांडवात माणूस म्हणून भिजला नव्हता. मी सोडून, मी आभाळ दाखवायला फाटकात उभा होतो. खिडकीत दादाचा चेहरा दिसत होता. चांगला हात गजांतून बाहेर काढून त्याने अक्षता टाकल्या. गजाखालीच पडल्या त्या. पण कुसुमने मान वळवून ते पाहिलं.

पंगती उठल्यावर मी निथळत वहिनींना गाठलं. "तुम्ही तर म्हणाला होतात…"

"मग काय म्हणायला हवं होतं?" जिलबीची परात सांभाळत त्या म्हणाल्या. "येईल म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही हॉल ठरवून आला असतात. मला पावसातलं काय कळतंय, भाऊजी? आधी डोकं पुसा."

पुढच्या वर्षी दादा गेला. वहिनी त्याच्या खाटेवर झोपू लागल्या. खाट जागची हलवू दिली नाही.

परवा कुसुम आली होती. घर आवरायला आम्ही दोघं गेलो. खाट उचलायला गेलो तर उशाकडच्या पायांखाली विटा निघाल्या, गोणपाटात नीट गुंडाळलेल्या. आम्हा कोणाच्या त्या कधी लक्षातच आल्या नव्हत्या. चादर इतकी खाली सोडलेली असे. कुसुमने विचारलं, "काका, ह्या कधीच्या?" खिडकीची कड चांगली उंच आहे, सपाट खाटेवरून नुसतं आभाळ दिसलं असतं. मी आडवा होऊन पाहिलं. खाट कुरकुरली, माझं वजन तिच्या सवयीचं नव्हतं. पण मान न उचलता अंगण दिसत होतं. कुसुम पाटावर उभी होती ती जागा बरोबर समोर…

कुसुम दारातून बघत होती. आत येऊन म्हणाली, "काका, उठा. मला बघू द्या."