लालीबाईचा अंगठा

धुई उतरली होती. कापसाची बोंडं दवानं निथळत होती आणि ओला कापूस ओटीत घ्यायचा नसतो, म्हणून लालीबाई वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून उन्हाची वाट पाहत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पण वेचणीत कोणाला हार जायची नाही. झरीकडच्या या गावांत तिनं चाळीस वर्षं दाईपण केलं होतं.

तेवढ्यात ऑटोतून जोहराबी उतरली. "चाल लालीबाई. नाहिदचा कागद अडला."

नाहिद ही जोहराबीची लेक, मस्कतात राहणारी. अमेरिकेतल्या दिरानं तिकडं बोलावण्याचा अर्ज केला त्याला चौदा वर्षं झाली. आत्ता कुठं नंबर लागला. व्हिसाची मुलाखत दहा दिवसांवर. निकाहनामा, पोलिसांचा दाखला, सगळं जमलं, फक्त जन्माचा दाखला नव्हता. बाळंतपण घरी झालेलं, नोंद कोणी केलीच नाही. आता जन्म ठाऊक असलेल्या दोघांची शपथपत्रं हवी होती. एक आईचं झालं होतं.

दोघी तहसीलला पोचल्या, तर दुसरं तिथं समोरच टाइप करणाऱ्या देवीलालनं तयारच ठेवलं होतं.

"आजी, तुमी कायले आल्या? अंगठा पाहून अमेरिकावाले काय म्हणतीन? म्या रिटायर तलाठीसाहेबाची सही घेतली. इंग्रजी सही हाय."

"वाच."

"जन्माच्या वेळी मी स्वतः हजर होतो..."

"बाळंतिणीच्या खोलीत? सातबारा लिहायले गेलता काय थो?"

बाजूचे ऑटोवाले खदखदले. देवीलाल चिडला. "बुढे, कागदाले असंच लागते. पोरीचे चौदा वर्षं पाण्यात घालतं काय?"

जोहराबीचा चेहरा उतरला. "राहू दे लालीबाई. त्याले समजते सारं."

"फोन लाव पोरीले," लालीबाई म्हणाली.

जोहराबीनं सगळं सांगितलं, तसा नाहिदचा आवाज फोनमधून मोठ्यानं आला. "लालीमाय, मुलाखतीत शपथ घेऊन बोला लागते. हा तलाठी कोण म्हणून इचारलं तं मी काय सांगू? तुह्याच अंगठ्याचा कागद पाठव."

लालीबाई देवीलालकडे वळली. "तुह्या कंबरेत चमक भरली तवा कोणाच्या अंगणात पालथा पडला होता रे?"

तेव्हा जोहराबीच्या अंगणात पाच वर्षांच्या नाहिदनं देवीलालच्या कमरेवर पाय दिला होता. पायाळू माणसाचा पाय लागला की चमक उतरते, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"पोट्टी पायाळू हाय, हे तुले कोणी सांगतलं? म्या. माह्या हाती आंधी पाय आले, मंग डोस्कं. तवा कागद मांगतला काय? माह्या तोंडाच्या भरवशावर लेटला. आता अंगठा काहून चालत नाही?"

देवीलालनं खुर्ची पुढे ओढली. "बरं. धंदा शेतमजूर लिहितो."

"दाई लिव्ह."

"दाईचं काम कवाचं बंद झालं, आजी."

"काम बंद झालं. म्या काढलेले लेकरं बंद झाले काय? एक तं आता फोनवर बोलली. दाई लिव्ह. अन् पायाळू बी लिव्ह."

"अमेरिकेत कोणाले समजन?"

"नाही समजलं तं इचारतीन. पोट्टी सांगन."

त्यानं लिहिलं आणि सगळं वाचून दाखवलं. मग तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि असा दाबला की टेबल हललं. वकिलाचा शिक्का बसला. तलाठ्याचा कागद जोहराबीनं स्वतःच टराटरा फाडला.

ऑटोनं लालीबाईला धुऱ्यावर सोडलं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बायांच्या दोन-दोन ओळी वेचून झालेल्या.

"शाई लागली व बाई हाताले," शेजारच्या ओळीतून बेबीताई ओरडली. "कापसाले डाग पाडशीन!"

लालीबाईनं अंगठा मातीत घासला. शाई निघेना. लुगड्याच्या पदराची चिंधी फाडून तिनं ती अंगठ्याला गुंडाळली, दातानं गाठ मारली, आणि वाळलेल्या बोंडाला हात घातला.