ऐंशी पॉइंट माफ

रमी शिकायला अर्धा तास पुरतो. तेरा पानं हातात घ्यायची, एक उचलायचं, एक टाकायचं. एकाच रंगाची, म्हणजे हुकूम तर हुकूम, चिडी तर चिडी, अशी निदान तीन पानं ओळीनं जमवायची, तीही जोकरशिवाय. हा शुद्ध सिक्वेन्स. तो नसेल तर बाकीचा हात कितीही सजवा, सगळं मातीमोल. आणि तो नसताना ‘लागली’ म्हणून पानं मांडलीत, तर ऐंशी पॉइंट डोक्यावर बसले.

हे मला माझ्या मित्रानं शिकवलं, कॉलेजात असताना, दाना ओली या जुन्या गल्लीतल्या त्याच्या घरी. माणूस भला, पण पत्त्यांत कसाई. एकदा हुकुमाची राणी समजून मी चिडीची लावली. हात जोडले, तर म्हणाला, “नाही यार, गलती म्हणजे गलती. ऐंशी लिही.” चाळीस वर्षांत त्यानं कुणाला एक पॉइंट सोडला नाही.

आता आम्ही दोघंही दर्पण कॉलनीत राहतो. रिटायर झाल्यापासून रोज दुपारी आम्ही दोघं आणि कॉलनीतले आणखी दोघं, असे चौघं माझ्या घरी जमायचो. दीड वर्षापूर्वी एका दुपारी त्यानं पानं मांडली, “लागली” म्हणाला आणि चहाचा कप उचलला. मी पाहिलं. हुकुमाची पंजी, छक्की आणि नव्वी शेजारी शेजारी ठेवली होती. शुद्ध सिक्वेन्स कुठेच नव्हता. चेहऱ्यावर मात्र जिंकल्याचा आनंद. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मीच म्हणालो, “वा, लागली!” आणि घाईघाईनं पत्ते पिसायला घेतले.

पुढच्या आठवड्यात तसं दोनदा झालं. मग जवळजवळ रोज. त्यानं पानं मांडली की कुणी वाकून बघायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवूनच टाकलं. याला आम्ही दोस्ती म्हणत होतो. मला तर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक वाटायचं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण त्याच दिवसांत वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला विचारत होत्या. पहिल्यांदा विचारलं ते भाजीच्या ठेल्यापाशी. “भाऊजी, हे आजकल चाव्या कुठे ठेवल्या ते भूलून जातात. काल गॅस चालूच सोडला. पण पत्ते तर बरोबर खेळतात ना?”

“एकदम पक्का खेळतो, वहिनी. रोज हरवतो आम्हाला.”

त्यांचा चेहरा उजळला. “मग ठीक आहे. उमरचा असर असेल.”

असं मी तीनदा तरी सांगितलं. पत्त्यांत ज्याचं डोकं चालतंय त्याला काय होणार, असं त्यांना वाटलं. माझ्या शब्दावर विसंबून त्या डॉक्टरकडे जायच्या थांबल्या.

मग एक दिवस तो दोन गल्ल्या ओलांडून माझ्याकडे यायला निघाला आणि संध्याकाळी कित्येक किलोमीटर लांब, शिंदे की छावनीत सापडला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? वहिनी म्हणाल्या, “आत्ताच. परवापर्यंत तर रमी जिंकत होते.” मी शेजारच्या खुर्चीवर होतो. डॉक्टर म्हणाले, हे बरं होत नाही. लवकर आणलं असतं तर थोडा काळ हाती लागला असता. तो थोडा काळ आम्ही चहा पीत पत्ते खेळण्यात घालवला.

बाकीचे दोघं आता येत नाहीत. मी त्याच्या घरी जातो. गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मलाही शिकवा. तुम्ही नसलात की मी खेळेन यांच्याबरोबर.” अर्ध्या तासात त्या शिकल्या. मी आम्हा तिघांना पानं वाटली. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि त्यानं हात मांडला. “लागली.”

“लागली,” मी सवयीनं म्हणालो.

वाकून बघायचं नाही, हे वहिनींना कुणी सांगितलंच नव्हतं. एकेका पानावर बोट ठेवत त्या शेवटपर्यंत गेल्या, मग पुन्हा पहिल्यापासून. “पण यात शुद्ध सिक्वेन्स कुठे आहे?”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“कधीपासून, भाऊजी?”

“दीड वर्ष,” मी म्हणालो.

तो मात्र खुशीत होता. समोरची पानं त्यानं माझ्याकडे ढकलली.

“पिस ना यार,” तो म्हणाला.