बिसाहूचं नाव मी काढलं

मधुकरच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी पंडरीच्या कापडबाजारात पडद्यांचं कापड बघत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी आठवलं ते पुस्तक... मधुकरच्या इंग्रजी कवितांचं पुस्तक छापायला गेलं होतं, आणि त्यात मी काय करून ठेवलंय हे आता फक्त मलाच ठाऊक होतं.

मधुकर आणि मी रायपूरच्या एका सरकारी दफ्तरात वीस वर्षं शेजारी बसलो. तो कारखान्यांची तपासणी करायचा, मी स्टेनो. "मराठीत काहून नाही लिहीत बे?" मी एकदा चिडवलं. "मराठीत तोंड उघडलं की लोक पहिले आडनाव विचारतेत. इंग्रजीत पहिले कविता वाचतेत," म्हणाला अन् हसला. कविता टाइप मीच करायचो. टाइप झाली की हातानं लिहिलेला कागद तो फाडून टाकायचा, एवढा माझ्यावर भरवसा.

तीन वर्षांपूर्वी भनपुरीच्या एका कारखान्यात भट्टीपाशी एक मजूर मेला. साहेबांनी अहवाल सांगितला, मी टाइप केला: मृत व्यक्ती अनोळखी, कारखान्याशी संबंध नाही. मधुकरनं सही करायला नकार दिला, तर त्याला रेकॉर्ड रूममध्ये नेऊन बसवलं. आठवड्यानं त्यानं मला एक कविता दिली. तिच्यात त्या मजुराचं नाव होतं, बापाचंही होतं. बाप रे! एका कागदावर अनोळखी अन् दुसऱ्यावर नावानिशी, दोन्ही माझ्याच बोटांनी? साहेबांच्या हाती लागलं तर? पोरगी कॉलेजात होती. मी नाव काढलं, त्या जागी नुसतं 'अ वर्कर' टाकलं अन् कागद मधुकरला दिला. त्यानं घडी घालून खिशात ठेवला. मी समजलो, त्याच्या लक्षात नाही आलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर चार दिवसांनी वहिनींनी पुस्तकाचं प्रूफ माझ्यापुढे ठेवलं. "तुम्हीच पाहा, मले इंग्रजी येत नाही." पानं उलटता उलटता ते 'अ वर्कर' आलं. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं असतं? पण हे जन्मभर एकट्यानं पोटात ठेवायचं, याचीच जास्त भीती वाटली. सांगून टाकलं. वहिनींनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "मंग लिहा ना आता ते नाव." तेव्हा खरी पंचाईत झाली. 'बिसाहू' एवढंच आठवत होतं. बापाचं नाव काही केल्या आठवेना, आणि ते कुठल्याच कागदावर उरलं नव्हतं.

वहिनींनी डोळे मिटले. "रविवारी मी भाजी चिरत बसे, अन् हे वाचून दाखवत. समजे काही नाही, पण आयकायले बरं वाटे. ही कविता वाचताना मधातच कागद खाली ठेवत, अन् तोंडानंच म्हणत..." आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या त्या बाईनं थेट मधुकरच्या आवाजाच्या चढउतारासकट म्हटलं, "बिसाहू, सन ऑफ समारू."

म्हणजे त्याला माहीत होतं. मला एका शब्दानं बोलला नाही.

मी प्रुफावर नाव लिहिलं. मग घरी येऊन वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहायला बसलो. माझ्या नोकरीची दोन वर्षं बाकी आहेत, आणि साहेब ही पुरवणी वाचतात. त्या अहवालातला अनोळखी माणूस बिसाहू होता, समारूचा मुलगा. तो अहवाल मी टाइप केला होता.