मंगळावरची टेकाडं

मंगळावरचे खड्डे मोजणं हा काही माझा पोटापाण्याचा उद्योग नाही. कॉलेजात भूगोल शिकवते, त्याच्या जोडीला चाललेला अभ्यास आहे. उल्का आदळून पडलेले खड्डे जिथं जास्त, ती जमीन जुनी, असा साधा आडाखा. गेल्या वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, कन्नड तालुक्यातलं गाव सोडून आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटवर राहायला आले. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस चौथ्या मजल्यावर नुसता बसून काय करणार? म्हणून मी जेवणाच्या टेबलावर यानानं काढलेले मोठे फोटो पसरले, त्यांना समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि खड्ड्यांभोवती पेन्सिलीनं गोल काढायला सांगितलं.

"बाई, इथं खड्डा कुठंय? ही तर सारी टेकाडं," ते म्हणाले.

"आबा, खड्डेच आहेत. नीट बघा."

"नीटच बघायलो की. ही चढण. मेंढरं इकडून वर जातील."

तीन दिवस हेच. हल्ली ते गॅस चालू ठेवून जायचे, जेवलो की नाही हे विसरायचे, त्यात हे. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "डोंगर कुठला न् खड्डा कुठला, एवढंही तुम्हाला कळेना झालंय," असं मी तोंडावर बोलून गेले. आबांनी पेन्सिल खाली ठेवली. पुढं ते बाल्कनीतून लांब बोट दाखवून मला विचारू लागले, "ते डोंगरच हायेत ना, बाई?" मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

जायच्या आदल्या दिवशी टेबल आवरताना मी आबांच्या खुर्चीकडून वाकले आणि पाहतच राहिले. खड्डा एकही नाही, टेकाडंच टेकाडं. उजेड वरून पडतो असं आपला डोळा धरून चालतो. फोटो उलटा धरला की सावल्या फसवतात आणि खड्डा उंचवटा दिसतो. दरवर्षी वर्गात घसा फोडून शिकवते मी हे. समोर बसलेल्या आबांना फोटो पहिल्या दिवसापासून उलटाच दिसत होता. मला माझीच लाज वाटली.

आबांना हाताला धरून आणलं, दोन्हीकडून फोटो दाखवला, माफी मागितली. गॅसचं विसरणं खरं होतं, म्हणून उद्या डॉक्टरांकडे मात्र जाऊ, असंही मी म्हणाले. आता ते हसतील, मला चार शब्द सुनावतील, असं वाटलं होतं. ते फोटो फिरवत राहिले.

"आमचा थोरला भाऊ शेवटाला लई काहीबाही सांगायचा," ते म्हणाले. "आम्ही सारे समोर बसून त्याला खोटं पाडायचो. त्याच्या बाजूला जाऊन कुणी बघितलंच नाय."