मीटर झोपलं का?

आमच्या घरात फ्रिजचं दार उघडून विचार करायला बंदी होती. विचार आधी करायचा, काय हवंय ते ठरवायचं, मग दार उघडायचं, वस्तू घ्यायची आणि दार लावायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तिसऱ्याच दिवशी मला हा नियम कळला. मी फ्रिजसमोर उभी होते आणि मागून सासऱ्यांचा अगदी सौम्य आवाज आला, की सूनबाई, आत काही चित्रपट लागलाय का.

सासरे चौतीस वर्षं मीटर रीडर होते. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, कानामागे पेन. रोज दीडशे जिने चढायचे आणि उतरायचे. कुत्र्यांनी दोनदा पोटरी धरली होती, त्या खुणा ते नातीला, म्हणजे माझ्या लेकीला, पदकं दाखवावीत तशा दाखवत. लोकांच्या घरात ते कधी शिरले नाहीत, पण घरात काय चाललंय ते त्यांना बाहेरून कळायचं. जुन्या मीटरमध्ये चकती फिरायची. चकती रमतगमत फिरतेय म्हणजे पंखा, पळत सुटलीय म्हणजे इस्त्री किंवा गिझर. पुढे चकती गेली आणि लुकलुकणारा लाल दिवा आला, तर ते दिव्याची भाषाही शिकले. गल्लीत त्यांना सगळे मीटरसाहेब म्हणत. मी मात्र सुरुवातीची दोन वर्षं मनातल्या मनात बरंच काही म्हणत असे.

कारण त्यांचं लक्ष सगळीकडे असायचं. पातेल्यावर झाकण नसेल तर ते झाकण आणून ठेवत, बोलत नसत. डाळ भिजत घातली नसेल तर मात्र बोलत. इस्त्री आठवड्यातून एकदाच, रविवारी, सगळ्यांच्या कपड्यांची एकदम आणि शेवटचे चार रुमाल बटण बंद केल्यावर, उरलेल्या उष्णतेवर. गरम पाणी येईपर्यंत नळातून येणारं गार पाणी बादलीत धरायचं. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. टीव्ही रिमोटने बंद केला तर तो बंद झालाच नाही असं त्यांचं मत होतं, भिंतीवरचं बटण दाबल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि दिवे. खोलीतून माणूस बाहेर पडायच्या आत त्यांचा हात बटणावर पोचायचा. एकदा माझी मावशी आमच्या बाथरूममध्ये असताना त्यांनी दिवा घालवला. आतून जी किंकाळी आली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली. त्यांनी दाराबाहेरूनच तीनदा माफी मागितली. मावशी त्यानंतर आमच्याकडे आली की टॉर्च घेऊनच बाथरूमला जायची.

सासूबाई या सगळ्याला हसत. त्या एका शिवणकेंद्रात काम करून निवृत्त झालेल्या. जुन्या चादरींच्या पिशव्या, विटक्या बनियनची फडकी, नातीच्या आखूड झालेल्या फ्रॉकची उशी, हे त्यांचं खातं. नवरा वीज वाचवायचा, बायको कापड वाचवायची, आणि मी माझं डोकं शांत ठेवायचा प्रयत्न करायचे.

घराबाहेर पडण्याचा मात्र एक विधी होता. आमचा मजला तिसरा. लिफ्ट होती, पण ती फक्त सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, असं बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठरवून टाकलं होतं. बाकीच्यांनी जिना. खाली उतरल्यावर जिन्याखाली सगळ्या घरांचे मीटर ओळीने लावलेले, प्रत्येकाच्या शेजारी त्या घराची सगळी वीज बंद करणारा मोठा खटका. बाबा आमच्या मीटरसमोर उभे राहत. लाल दिवा बराच वेळ थांबून एकदाच लुकलुकला तर तो फ्रिज, म्हणजे मीटर झोपलं. तो भरभर लुकलुकला तर वर काहीतरी चालू राहिलंय. मग ज्याने चूक केली त्याने परत वर जायचं. नात लहानपणापासून त्यांच्या शेजारी उकिडवी बसून विचारायची, "मीटर झोपलं का?" लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, कधीही. एकदा आमची गाडी त्यापायी चुकली आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आणि मग तो दिवस आला.

नातीच्या शाळेत नाटक होतं. ती राजदूत झाली होती, चारच वाक्यं होती, पण ती महिनाभर घरात पत्रं वाटत फिरत होती. संध्याकाळी माझा नवरा, नात आणि सासूबाई लिफ्टने आधी खाली गेले आणि कोपऱ्यावर लावलेल्या गाडीत जाऊन बसले. मी आणि बाबा कुलूप लावून जिन्याने निघालो. तिकडे गाडीत नातीच्या लक्षात आलं, की कमरेला बांधायचा पट्टा वरच राहिला. सासूबाई म्हणाल्या, मी आणते. त्यांच्याकडे त्यांची किल्ली होती. आम्ही जिन्याने उतरत होतो तेव्हा त्या लिफ्टने वर चालल्या होत्या. पट्टा चुरगळलेला होता. आयुष्यभर कापड हाताळलेल्या बाईला तो तसा कसा देववेल? त्यांनी इस्त्री लावली.

खाली मी बाबांना चला चला करत होते. वाटेत त्यांना शेजारचे काका भेटले आणि बोलण्यात दहा मिनिटं गेली, त्यामुळे माझा पारा आधीच चढला होता. आम्ही मीटरपाशी आलो तर लाल दिवा थयथय नाचत होता. बाबांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, इस्त्री आहे. मी म्हटलं, मी रविवारपासून इस्त्रीला हात लावलेला नाही. ते म्हणाले, मीटर खोटं बोलत नाही. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मग घाला तो खटका खाली आणि चला. पोरीचं नाटक संपायला येईल."

त्यांनी खटका खाली ओढला.

वर आमच्या पॅसेजला खिडकी नाही. पॅसेज संपताना एक पायरी आहे. एकदम अंधार झाला म्हणून सासूबाई काय झालं ते बघायला बाहेर आल्या आणि ती पायरी चुकली.

मीटर खरंच खोटं बोललं नव्हतं. घरात कोणीतरी आहे, असंच ते सांगत होतं. चौतीस वर्षं बाबांनी दुसऱ्यांच्या घरातली माणसं त्या दिव्यावरून ओळखली, आणि स्वतःच्या घरातलं माणूस त्यांना ओळखता आलं नाही.

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या बाकावर मी बाबांना म्हटलं, की खटका घाला असं मीच म्हणाले होते, चूक माझीही आहे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात माझा होता." यापलीकडे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

पण घर बदललं. सासूबाई घरी येण्याआधी त्यांनी पॅसेजमध्ये दोन नवे दिवे लावून घेतले, पलंगाशी एक, बाथरूमबाहेर एक. ते रात्रंदिवस जळत. भर दुपारी ऊन आत आलेलं असतानाही जळत. मी एकदा बंद करायला गेले तर त्यांनी हात धरला. तोवर त्यांनी मला कधी हात धरून अडवलं नव्हतं. पातेली उघडी राहू लागली, टीव्ही रिमोटने बंद होऊ लागला आणि कोणी काही बोलेना. बाबा लिफ्टने जाऊ लागले, कारण जिन्याने गेलं की मीटर समोर येतात. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी एक दिवस मीच लेकीवर ओरडले, की दार उघडून काय विचार करतेस, आत चित्रपट लागलाय का. बाबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी आत जाऊन ओट्यापाशी रडले.

सासूबाई वॉकर धरून दोन खोल्या चालू लागल्या तेव्हा एकदा मला जवळ बसवून म्हणाल्या, "हाड जुळलं गं माझं. यांचं काही जुळेना." सासूबाईंना त्या उजेडात झोप लागत नव्हती. डोळ्यांवर रुमाल टाकून पडत, पण दिवा बंद करा असं नवऱ्याला सांगायला त्यांचं मन धजत नव्हतं. त्या म्हणाल्या, मी सांगितलं तर ते करतील, पण माझ्यासाठी करतील. मला ते पहिल्यासारखे हवेत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली. सासूबाईंनी बाग निवडली, कोपऱ्यावरची, बाकं असलेली. दुपारी चारला आम्ही पाचही जण एकदमच लिफ्टने खाली आलो. बाबा दाराकडे निघाले. सासूबाईंनी वॉकर वळवला आणि जिन्याखाली, मीटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"झोपलं का ते बघा," त्या म्हणाल्या.

बाबा जागचे हलले नाहीत. राहू दे, चालू असलेलंच बरं, असं काहीतरी पुटपुटले. दिवा लुकलुकत होताच, वर पाच दिवे आणि पंखा चालू होता. सासूबाई म्हणाल्या, "मीटर नंतर बघा. आधी माणसं मोजा."

मला वाटलं, बाबा चिडतील. पण त्यांनी खरंच बोट वर केलं. माझ्यावर, माझ्या नवऱ्यावर, नातीवर. सासूबाईंवर ते बोट थांबलं. नात म्हणाली, "चार. आणि तुम्ही पाच, आजोबा."

"पाच," ते म्हणाले. मग ते मीटरकडे वळले. तीन महिन्यांनी. बराच वेळ बघत राहिले, आणि हळूच म्हणाले, पॅसेजमधले दोन्ही, पलंगाचा, बाथरूमचा, ओट्यावरचा आणि पंखा. मी चालले होते वर, पण सासूबाईंनी मला डोळ्यांनी थांबवलं.

बाबा गेले. लिफ्टने नाही, जिन्याने. एकेक पायरी त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग काहीच आला नाही. मी सासूबाईंना बसायला स्टूल आणू का विचारलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. वॉकरच्या दांड्यावर त्यांची बोटं पांढरी पडली होती, पण त्या उभ्या होत्या.

मग तिसऱ्या मजल्यावरून, कठड्यावर वाकून, बाबांचा आवाज आला. तो आवाज मी ओळखलाच नसता. त्यांनी विचारलं, "तू खालीच आहेस ना?"

"मी खाली आहे," सासूबाई मान वर करून म्हणाल्या. "करा बंद."

नात मीटरसमोर उकिडवी बसून बघत होती.